आदिवासी पोरांना सायन्स-इंजिनिअरिंगला मदत करायचीय? मग आधी झेरॉक्सपासून सुरू करा

दरवर्षी जून लागला की मला दोन-चार फोन येतातच. समोरचा माणूस मनानं चांगला असतो, पुण्या-नाशकाला नोकरीला, मूळचा शहाद्याचा नाहीतर शिरपूरचा, आणि म्हणतो दादा, आपल्या भागातल्या आदिवासी पोरांसाठी काहीतरी करायचंय, मी फिजिक्स शिकवू शकतो, ऑफिसातले जुने लॅपटॉप पण गोळा करून देतो. मी म्हणतो कर की भो, पण आधी एवढं सांग, जात वैधता कशी काढतात माहितीय का? की मग तिकडून आवाजच येत नाही.

तर हे लिहितोय ते या फोनवाल्यांसाठी, आणि नुकत्याच आश्रमशाळेवर लागलेल्या सर-मॅडमसाठी पण. मी स्वतः साक्री तालुक्यातला, कोकणा, दहावीपर्यंत आश्रमशाळेत, मग धुळ्याला डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. आता नाशकात कंपनीत आहे आणि सुट्टीच्या शनिवारी गावाकडं असतो. इतक्या वर्षांत जी पोरं मध्येच सुटलेली बघितली त्यात डोकं कमी म्हणून सुटलेली फार थोडी. बाकीची कागदात अडकली, नाहीतर पैसा उशिरा आला म्हणून, नाहीतर पहिल्या सेमिस्टरला एकटी पडली म्हणून. शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण तहसीलच्या रांगेत त्यांच्यासोबत उभा राहणारा भेटत नाही.

पायरी १: कोणाला मदत करताय ते नीट बघा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, २०११ च्या जनगणनेत तिथली ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातीची. पण "आदिवासी" म्हणजे एक समाज नाही. धडगावकडं पावरा, अक्कलकुवा-तळोद्याकडं भिल्ल, नवापूरला मावची-गावित, साक्री-पिंपळनेरकडं आम्ही कोकणा, चोपडा-यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा-बारेला. घरातली भाषा पावरी, भिलोरी, मावची, कोकणी अशी वेगवेगळी. म्हणजे मराठी ही या पोराची दुसरी भाषा, बाजारातली अहिराणी-हिंदी तिसरी, आणि इंग्रजी थेट चौथी, हे लक्षात ठेवून बोला. पोरगं गप्प बसलं म्हणजे त्याला कळलं नाही असं नसतं, ते मनातल्या मनात भाषांतर करत असतं.

आणि पहिल्या वर्षी एकच पोरगं धरा, फार तर दोन. वर्गापुढं उभं राहून "मोठी स्वप्नं बघा" सांगणारे पाहुणे दर २६ जानेवारीला येतात, पोरांना त्यांची भाषणं पाठ झालीयेत.

पायरी २: कागद (ही पायरी लांब आहे, कंटाळा येणार, पण वाचा)

हे काम आठवी-नववीत सुरू करायचं, बारावीत नाही. बारावीत पोराला अभ्यास करायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे त्याला नंदुरबारच्या ऑफिसात पाठवतात.

आधी शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव, जन्मतारीख आणि जमात काय लिहिलीय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी एकदा नववीचा वर्ग तपासला, अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून! दाखल करताना जन्माचा दाखला नव्हता म्हणून गुरुजींनी टाकून दिलेली तारीख. ती तारीख सगळीकडं तीच असेल तर चालून जातं, पण आधारवर दुसरी, जन्मदाखल्यावर तिसरी असली की दहावीनंतर प्रत्येक फॉर्म अडतो. नावाचंही तसंच, वडिलांचं नाव शाळेत "दित्या", आधारवर "दितीया", बँकेत अजून काही. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत हे दुरुस्त करून घ्या, नंतर बोर्डाचं सर्टिफिकेट दुरुस्त करायचं म्हणजे चपला झिजतात.

मग जातीचा दाखला. एसटीचा दाखला प्रांत ऑफिसातून निघतो, फॉर्म सेतूवर भरला जातो. त्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून महाराष्ट्रातलं असल्याचा पुरावा लागतो. इथं लोक हबकतात कारण आजा तर शाळेतच गेला नाही. मग कुठं शोधायचं? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ असतो, म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तिथं आज्याच्या भावाची नाहीतर चुलत आज्याची नोंद सापडू शकते. जुने सातबारा-फेरफार बघा. आजा नाही तर आज्याचा धाकटा भाऊ शाळेत गेला होता का विचारा, त्याचा दाखला चालतो, पण मग वंशावळ नीट काढावी लागते. आणि ही वंशावळ घरातल्या म्हातारीला विचारून काढा, पोराच्या बापाला नाही. बापाला तीन पिढ्या आठवत नाहीत, म्हातारी बसल्या जागी पाच सांगते, कोण कुठल्या पाड्यावर गेला ते पण.

दाखला मिळाला म्हणजे झालं नाही, त्यानंतर वैधता, म्हणजे तो दाखला खरा असल्याची पडताळणी. लोक "व्हॅलिडिटी" म्हणतात. ही तपासणी समिती देते, आपल्याकडं नंदुरबारला तिचं ऑफिस आहे. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेवर ॲडमिशन घ्यायचं तर वैधता लागतेच, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत ती दिली नाही तर पोरगं राखीवमधून उचलून ओपनमध्ये जातं, म्हणजे व्यवहारात घरी जातं. म्हणून अकरावीला ॲडमिशन झालं की त्याच महिन्यात वैधतेचा अर्ज. सायन्सचं कॉलेज त्यासाठी पत्र देतं, ते मागून घ्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता आधीच झालेली असेल, सख्खा काका, आत्या, चुलतभाऊ, तर त्याची प्रत जोडा, काम कितीतरी हलकं होतं. समितीकडून त्रुटीचं पत्र आलं तर ते गावच्या पत्त्यावर जातं आणि पोस्टमन पाड्यावर चढत नाही, म्हणून अर्जावर मोबाईल नंबर तुमच्या भरवशाचा द्या.

उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल तहसीलमधून. आणि हो, एसटीला नॉन-क्रीमीलेयर लागत नाही. हे ठळक सांगतोय कारण दुकानवाले सगळ्यांनाच सांगतात लागतं म्हणून, आणि पैसे घेतात.

पायरी ३: बँक, आधार आणि ओटीपी

शिष्यवृत्तीचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात येतो. पोराची खाती दोन-तीन असतात, एक पाचवीत शाळेनं काढलेलं, एक कुठल्यातरी कॅम्पमध्ये, एक कॉलेजला. आधार शेवटी ज्या खात्याला सीड झालं तिथं पैसा जातो, आणि ते खातं तीन वर्षं वापरलं नाही म्हणून बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन कोणतं खातं सीड आहे ते एकदा विचारून घ्या, आणि आधारला मोबाईल नंबर पोराचा स्वतःचा लावा, काकाचा नको.

ओटीपीची एक गोष्ट सांगतो. धडगावकडची एक पोरगी, डिप्लोमाला, स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि नंबर बापाचा लागलेला. बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीच्या पुढं कुठंतरी. रात्री साडेनऊला मुकादमाचा नंबर मिळवला, मुकादमानं कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, जाऊन बापाला फोन दिला. बापाला आकडे वाचता येत नाहीत. ओटीपी आला, गेला, वेळ संपली. परत पाठवला, परत संपली. तिसऱ्या वेळी शेजारच्या कोपीतलं चौथीतलं पोरगं उठवून आणलं, त्यानं एकेक आकडा ओरडून सांगितला. सहा आकडे. फॉर्म अकरा वाजता गेला. त्या दिवसापासून मी कोणाच्याही घरी गेलो की आधी विचारतो, आधारला नंबर कोणाचा?

पायरी ४: दहावीनंतरचा फाटा

इथं माझं मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. आश्रमशाळेतून मराठी मीडियमनं आलेल्या, गणित बरं असलेल्या पोराला इंजिनिअरिंग करायचं असेल तर आधी डिप्लोमाचा विचार करा. ॲडमिशन दहावीच्या मार्कांवर, सीईटीसारखी प्रवेश परीक्षा नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्हीकडं सरकारी पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षांत हात कामाला लागतो, तिथंच नोकरी घ्यायची असेल तर घेता येते, आणि पुढं डायरेक्ट सेकंड इयर डिग्रीला जाता येतं. मी त्याच रस्त्यानं गेलो. तोटा पण सांगतो, आयआयटी-एनआयटीचा दरवाजा या रस्त्यानं जवळजवळ बंद होतो आणि शुद्ध विज्ञानाकडं जायचं असेल तर हा रस्ता नाहीच.

ज्याला फिजिक्स, केमिस्ट्री, संशोधन, डॉक्टरकी असं काही खुणावतंय त्यानं अकरावी सायन्स. पण गणित सोडू देऊ नका! "बी ग्रुप सोपा" असं सिनिअर सांगतात, पोरगं गणित टाकून भूगोल घेतं, आणि बारावीला नीटचा स्कोअर आला नाही की इंजिनिअरिंगचा रस्ता पण बंद. जमत असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही विषय ठेवायला सांगा, ज्याला पोरं एबी ग्रुप म्हणतात.

लहान पोरं हाताशी असतील तर पाचवीतल्या पोराला नवोदयची परीक्षा, सहावीपासून एकलव्य निवासी शाळा, आणि आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, हे तिन्ही फॉर्म भरून ठेवा. एनएमएमएस पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. मात्र ती सरकारी, अनुदानित शाळांतल्या घरी राहणाऱ्या पोरांसाठी आहे, निवासी शाळेतल्यांना चालत नाही, म्हणून आधी शाळेत विचारून घ्या.

पायरी ५: अकरावी-बारावी, म्हणजे इंग्रजीची दरी

धडगावकडचा एक पावरा पोरगा, दहावीला विज्ञानात पंचाऐंशीच्या वर. अकरावीला डिसेंबरमध्ये भेटला तर म्हणे सर मला फिजिक्स येतच नाही. मी विचारलं ॲक्सलरेशन म्हणजे काय? गप्प. मग म्हटलं त्वरण म्हणजे काय? लगेच सूत्रासकट सांगितलं. मोमेंटम माहीत नाही, संवेग माहीत आहे. व्हॅलन्सी माहीत नाही, संयुजा पक्की. सहा महिने तो पोरगा स्वतःला ढ समजत होता आणि त्याला येत सगळं होतं, फक्त पाट्या बदलल्या होत्या.

म्हणून पहिलं काम, दोन रकान्यांची वही. डावीकडं त्वरण, उजवीकडं ॲक्सलरेशन. रोज दहा शब्द, स्वतःच्या हातानं. छापील यादी देऊ नका, ती गादीखाली जाते. दोन महिन्यांत फरक दिसतो.

दुसरं, उदाहरणं त्यांच्या घरातली घ्या. याच पोराला स्थितिज ऊर्जा शिकवत होतो, पुस्तकात स्प्रिंग आहे. मी म्हटलं तीरकामठं ओढून धरलं तर ऊर्जा कुठं साठली? तो म्हणाला दोरीत. मग स्वतःच थांबला. "नाही सर, आमच्याकडं दोरी पण बांबूच्या कांबीची असते, ती ताणत नाही. वाकतं ते कामठं. मग कामठ्यात." आणि सोडल्यावर? "तीरात जाते." सगळी जाते का? यावर तो बराच वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, नाही, कामठं थरथरतं ना नंतर, थोडी त्यात राहते. हे इतकं चांगलं उत्तर मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरानं दिलं नसतं.

परीक्षांचं थोडक्यात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपमध्ये एकूण २०० मार्क, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास एकेक मार्काचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. निगेटिव्ह नाही म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे चार-चारदा सांगा, कारण आपली पोरं भिडस्त, "येत नाही" म्हणून सोडून येतात. अकरावीचा भाग साधारण २० टक्के, उरलेला बारावीचा. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येते, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच, म्हणून दोन रकान्यांची वही गणितासाठी पण. जेईई मेनचा पेपर मराठीत पण मिळतो, फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते. आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, ॲडव्हान्स्ड, मात्र हिंदी-इंग्रजीच. आयझर म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा असते, आयएटी म्हणतात, ६० प्रश्न, बायोलॉजी-केमिस्ट्री-मॅथ्स-फिजिक्स पंधरा-पंधरा, तीन तास. तिच्याबद्दल आपल्याकडं कॉलेजात फारसं कोणी सांगत नाही, आणि पुण्यातच २००६ पासून आयझर आहे! केंद्राच्या या संस्थांत एसटीला ७.५ टक्के जागा, राज्यात ७ टक्के. आयआयटी-एनआयटीला एसटीची ट्यूशन फी माफ असते, हे आई-बापाला आधी सांगा, कारण "आयआयटी" ऐकलं की त्यांच्या डोळ्यापुढं शेत विकायचं चित्र येतं. बारावीला आयआयटीसाठी एसटीला ६५ टक्के लागतात, राज्याच्या इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये ४०. आणि ॲडव्हान्स्डला थोडक्यात हुकलेल्या एसटी-एससी पोरांसाठी आयआयटीत एक वर्षाचा प्रिपरेटरी कोर्स असतो, तो पास केला की थेट पहिल्या वर्षाला. यादीत नाव आलं तर "नापासांचा वर्ग" समजून सोडू देऊ नका, एक पोरगा असा सोडून आलेला मला माहीत आहे, अजून वाईट वाटतं.

फुकट कोचिंगसाठी पुण्याजवळची दक्षणा फाउंडेशन बघा, परीक्षा घेऊन निवड करतात, जेईई-नीट दोन्हीची तयारी, राहणं-खाणं त्यांच्याकडं. आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात पण विचारत राहा, नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशी चार आहेत खान्देशात, वर्षावर्षाला वेगळे उपक्रम निघतात.

आणि होळी. बोर्डाची परीक्षा आणि होळी एकाच मोसमात. भोंगऱ्याचा बाजार भरतो, काठी गावची होळी असते, ढोल सुरू झाला की होस्टेलमध्ये पोरगं थांबत नाही आणि थांबवू पण नका. मी पहिल्या वर्षी भांडलो होतो, पोरगं न सांगता गेलं आणि लाजेनं आठ दिवस परत आलं नाही. आता मी आधीच विचारतो, कधी जातोस, कधी येतोस, परतीची एसटी किती वाजताची. दोन दिवस जातात, पोरगं परत येतं.

पायरी ६: कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेऱ्या

बारावीनंतरचे दोन महिने तुमची सगळ्यात जास्त गरज असते. नोंदणी, कागद अपलोड, तपासणी, मेरिट लिस्ट, मग ऑप्शन फॉर्म. ऑप्शन फॉर्म सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका, तो यादीत वरून खाली टिक मारत जातो. गेल्या वर्षीचे एसटीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर असतात, ते घेऊन पोराशेजारी बसा. आधी सरकारी, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, जळगावचं सरकारी इंजिनिअरिंग, मग बाकीची. शहादा, शिरपूर, धुळे, फैजपूरला खाजगी कॉलेजं आहेतच. क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्या राउंडला पहिली पसंती लागली की ती सीट आपोआप फ्रीज होते आणि पुढच्या राउंडला जाता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरला "बघू तरी" म्हणून काही टाकायचं नाही.

ब्रँचबद्दल पोराला विचारा की! सगळे कॉम्प्युटर म्हणतात, पण मला इलेक्ट्रिकल घेऊन सुखी झालेली पोरं जास्त दिसलीत.

पायरी ७: पैसा येतो, पण उशिरा येतो

भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. त्याच्या वर असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी माफीची वेगळी योजना आहे, तिथंच. राहायला आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला ६०,०००, जिल्ह्याच्या गावी ४३,०००, जेवण-राहणं-खर्च धरून. आयआयटी वगैरे मोठ्या संस्थेत लागलं तर केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती, तिथं उत्पन्नाची मर्यादा ६ लाख.

कागदावर सगळं छान आहे. पण ॲडमिशन ऑगस्टला आणि पहिला हप्ता कधी येईल ते सांगता येत नाही, जानेवारी पण उजाडतो. शिष्यवृत्तीला पात्र पोराकडून ॲडमिशनच्या वेळी ट्यूशन फी घ्यायची नसते, तरी एका कॉलेजनं आमच्या पोरीला काउंटरवर सांगितलं आधी भरा, आली की परत देऊ. मी शासन निर्णयाची प्रत घेऊन गेलो तेव्हा तोच क्लार्क म्हणाला असं का, आधी सांगायचं ना. तेव्हा सोबत जा, आणि आवाज चढवू नका, पोराला त्याच काउंटरवर चार वर्षं जायचंय.

तुमचे पैसे द्यायचे असतील तर इथं द्या, ऑगस्ट ते जानेवारीच्या खड्ड्यात. खानावळीचा ॲडव्हान्स, खोलीचं डिपॉझिट, ॲप्रन, ड्राफ्टर, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ड्रॉइंगच्या शीट, गावाकडून यायचं भाडं. या वस्तू नाहीत म्हणून पोरगं प्रॅक्टिकलला बाहेर उभं राहतं आणि घरी कोणाला सांगत नाही. लॅपटॉप दुसऱ्या वर्षी दिला तरी चालतो, ड्राफ्टर पहिल्या आठवड्यात लागतो.

पायरी ८: पहिलं सेमिस्टर

इथं सगळ्यात जास्त गळती. एम-वन म्हणजे पहिलं गणित, आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग, या दोन विषयांत केटी लागते, म्हणजे विषय राहतो, मग दुसऱ्या सेमिस्टरला अजून दोन, मग पोरगं गावाकडं गेलं ते महुआ वेचायला थांबलं आणि आलंच नाही. म्हणून दर रविवारी फोन, ठरलेल्या वेळी. "अभ्यास कसा चाललाय" विचारू नका, उत्तर "चांगला" असतं. विचारा, जेवायला कोणासोबत बसतोस? उत्तर "एकटाच" आलं तर पुढच्या शनिवारी भेटायला जा.

टोमणे बसतात. "कोट्यातला", "तुला काय स्कॉलरशिप आहे", आडनाव ऐकून हसणं. मला पण बसलेत. पोराला सांगा हे अंगावर घ्यायचं नाही आणि गिळायचं पण नाही. प्रत्येक कॉलेजात एससी-एसटी सेल असायला हवा, कोण बघतं ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. रॅगिंग असेल तर देशाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण आधी पोराला काय हवंय ते ऐका, तुमच्या रागासाठी त्याचं वर्ष वापरू नका.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो त्याच्याच समाजातल्या सिनिअरचा. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या पोरांसाठी आयसेस नावाची संस्था आहे, १९७७ पासून, त्यांचे चॅप्टर कॉलेजा-कॉलेजात चालतात, म्हणजे पोरगं नवीन गावात गेलं तरी आपलं माणूस भेटतं. तिकडची मेरी गोल्डा रॉस ही चेरोकी बाई आधी ओक्लाहोमात गणित-सायन्स शिकवायची, १९४२ ला लॉकहीडमध्ये लागली आणि पुढं रॉकेटवाल्या गुप्त प्रोजेक्टांत इंजिनिअर म्हणून काम केलं. आपल्याकडं एवढी मोठी संस्था नसेना का, व्हॉट्सॲप ग्रुप तर आहे. आमच्या ग्रुपवर नियम एकच, पहिल्या वर्षाच्या पोरानं विचारलेल्या प्रश्नाला हसायचं नाही. एकानं विचारलं होतं, मेसमध्ये दुसऱ्यांदा भाजी मागितली तर पैसे पडतात का. पोरगं महिनाभर अर्धपोटी होतं.

पायरी ९: पुढं

तिसऱ्या वर्षाला गेटचं, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचं, सांगा. एसटीला फी निम्मी, एमटेकला गेटवाल्याला महिना १२,४०० स्टायपेंड, आणि काही सरकारी कंपन्या गेटच्या स्कोअरवर घेतात. पीएचडीसाठी केंद्राची एसटी फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जणांना. वैधतेची मूळ प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून घरी, छताच्या गळक्या बाजूला नाही, पत्र्याच्या पेटीत. फोटो काढून तीन जणांच्या फोनमध्ये.

आता पहिल्या भेटीला काय न्यायचं ते सांगतो. स्टेपलर आणि पिना. दोन निळे पेन, एक काळा. पासपोर्ट फोटो काढायची सोय, म्हणजे पांढरा कपडा आणि बरा मोबाईल. पॉवर बँक, कारण झेरॉक्सच्या दुकानात लाईट असेलच असं नाही. धडगाव-मोलगीकडं जाणार असाल तर फॉर्म आधीच डाउनलोड करून न्या, नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागतं. बाजाराच्या दिवशी जा, त्या दिवशी आई-बाप पण खाली उतरलेले असतात आणि सह्या-अंगठे एका फेरीत होतात. अंगठ्यासाठी शाईचं पॅड पण ठेवा, मी दोनदा विसरलोय, दोन्ही वेळा सेतूवाल्यानं दहा रुपये घेतले.